सतरा वेळा थांब

गांगुर्डे बाईंचा फोन आला तेव्हा मी अंबडला,
रिले तपासायच्या टेबलापाशी.
"मॅडम, तुमच्या बकऱ्या अडकतात," म्हणाल्या,
"सातव्या पातळीवर, नदीच्या मधोमध.
आमच्याकडे बारा कम्प्युटर, चालतात सात,
आणि सातही असे उभे राहतात
जशी प्रार्थनाच सुरू झाली."
मागून पोरांचा गलका. दिंडोरीची दुपार.

माझ्या बकऱ्या
दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत जन्मल्या,
ब्राउझरमध्ये, अठरा गुणिले अठरा ठिपक्यांच्या.
पोरांनी लिहायचं: चाल. वळ. थांब. पाणी असेल तर थांब.
नदीतला दगड वर येतो, बुडतो, पुन्हा येतो.
चोवीसचा कळप पलीकडे गेला की पातळी पार.
माझ्या लॅपटॉपवर खेळ लोण्यासारखा चालायचा,
म्हणूनच मला काही कळलं नव्हतं.

निकुंभांच्या दुकानातून एक म्हातारं खोकं उसनं आणलं,
पाथर्डी फाट्यापर्यंत मांडीवर धरून, रिक्षात.
दोन जीबी. पंख्याला खोकला.
मेमरीचा आलेख उघडून बसले.
पहिल्या खेळाला पाणी दुतोंड्या मारुतीच्या पावलांना.
दहाव्याला गुडघ्याला.
(आम्ही पूर असाच मोजतो, आकडे पेपरवाल्यांना.)
चाळिसाव्याला छातीशी,
आणि धरणातून सोडतंय कोण, ते दिसेना.

साडेबाराला सापडलं.
पातळी हरली की मी नवा कळप आणते,
जुना पडद्यावरून पुसते.
पुसते फक्त. सोडत नाही.
घड्याळाच्या वहीत त्यांची नावं तशीच,
दर ठोक्याला ते त्यांना हाक मारतं
आणि त्या इमानाने पाऊल टाकतात
आता कुठेच नसलेल्या काठाकडे.
एकेचाळिसाव्या खेळात, चोवीस दिसणाऱ्यांच्या मागे
नऊशे साठ न दिसणाऱ्या.

एक ओळ. नाव कमी करा.
पाणी उतरलं.
मग हात शिवशिवले:
अख्खी नदी दर वेळी नव्याने रंगवत होते,
आता जेवढी हलते तेवढीच.
खोकं साठ फ्रेमला पोचलं, पंखा गप्प झाला.
एक वाजता मी एकटीनं दोन कप चहा प्यायले
आणि स्वतःवर भयंकर खूश होऊन झोपले.

शनिवारी पुन्हा बाई.
"छान पळतंय हो. पण ईश्वरच्या बकऱ्या बुडायला लागल्या."

ईश्वर भोये, सहावी, पाच नंबरचं मशीन.
त्याने वहीत लिहिलेला कोड बाईंनी फोटो काढून धाडला:
थांब
थांब
थांब
असं खाली, खाली, पान संपेपर्यंत,
शेवटी एकच चाल.
मी बोट ठेवून मोजले. सतरा.

'पाणी असेल तर' त्याला जमलं नसेल,
किंवा पटलं नसेल.
तो नुसता बघत बसला असणार
त्या रखडत्या मशीनसमोर,
किती वेळा थांबलं की दगड वर येतो ते.
नदी मी घड्याळावर बांधली होती,
बकऱ्या फ्रेमवर.
ही दोन मापं वेगळी आहेत हे
दोन वर्षांत मला दिसलं नाही.
मशीन धावू लागलं, तसे त्याचे सतरा थांब
डोळ्याच्या एका पापणीत संपले,
आणि कळप सरळ पाण्यात.

बाई म्हणाल्या, "मी त्याला दुसरं शिकवते."
म्हटलं, थांबा.

बकऱ्याही घड्याळावर आणल्या. ते सोपं.
पण एक थांब म्हणजे किती?
हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं,
माझ्याकडे उत्तरच नव्हतं.
दगड सव्वाचार सेकंदांनी वर येतो.
भागिले सतरा.
पाव सेकंद.
तेच ठेवलं, सगळ्यांसाठी, सगळ्या मशीनवर.

सोमवारी खोकं परत करायच्या आधी
त्याचा कोड एकदा चालवून पाहिला.
कळप काठावर उभा.
निकुंभ काउंटरपलीकडून विचारतायत, झालं का काम?
पंधरा, मी म्हणतेय.
सोळा.